रिकामा रकाना

मुरोरान, १२ ऑक्टोबर २००४

तोकुजी काका,

इकडे डोंगरमाथ्यावर पांढरं दिसायला लागलंय. तुमच्याकडे अजून पर्सिमॉन झाडावरच असतील. मावशीला सांगा, गेल्या वर्षीची सुकवलेली फळं मी एकट्यानेच संपवली, बायकोच्या वाट्याला दोन आली. तेव्हापासून ती मला ऐकवतेय. यंदाचं पार्सल तिच्या नावाने येऊ दे, म्हणजे माझी सुटका.

आता कामाचं. तुम्हाला माहीतच आहे, बंद पडलेल्या गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही छोट्या रिमोटच्या गाड्यांचा ट्रॅक मांडलाय. गाडी तळहातावर मावते, पण माझ्याखेरीज बहुतेक माणसं साठी उलटलेली. क्लबात अकरा जण, आणि मी अध्यक्ष, कारण किल्ली माझ्याकडे असते. तेवीस जानेवारीला तोमाकोमाईच्या क्लबाशी शर्यत ठरलीय. वीस मिनिटं सलग, मध्ये सेल बदलायचे नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी आमची पार धूळधाण केली आणि वर जाताना केक देऊन गेले. तो केक अजून घशात अडकलाय.

आम्ही सगळ्यांनी जोरकस मोटरी बसवल्यात. पण मोटरीला वीज पोचवणारे बोर्डावरचे मूळचे ट्रान्झिस्टर बारके, त्यांना तो भार झेपत नाही. लोक त्यांच्या जागी मोठे बसवतात, किंवा त्यांच्याच पाठीवर दुसरे चढवून पायाला पाय सोल्डर करतात. पण बसवायचे कुठले? बाजारात शंभर आहेत. मी त्यातल्या तीन प्रकारांची माहितीपत्रकं जोडलीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही जन्मभर ट्रान्झिस्टर घडवलेत. माझ्या लग्नात तुम्ही भाषण केलं होतं, "माझ्या हातून गेलेले ट्रान्झिस्टर आज अर्ध्या जपानच्या घराघरांत आहेत," ते इथे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता तुम्हीच सांगा काय घेऊ.

शिगेमी

*

निरासाकी, २४ ऑक्टोबर २००४

शिगेमी,

पत्र मिळालं. योग्य माणसाला विचारलंस.

हे बघ, ट्रान्झिस्टर म्हणजे नळाची तोटी. तोटीवर जेवढा दाब देशील तेवढी ती उघडते, आणि पूर्ण उघडली की वीज बिनअडथळा वाहते. म्हणून दोन गोष्टी बघायच्या: किती भार सोसतो, आणि पूर्ण उघडल्यावर किती अडवतो. अडवणं जितकं कमी तितका चांगला. तू पाठवलेले तिन्ही मला पसंत नाहीत. पहिला ठीक आहे, पण भार कमी सोसतो. उरलेले दोन कोणाचे कोण जाणे.

तू ४१७ घे. हा आमच्या कारखान्यातला. माझ्या निवृत्तीच्या वर्षी आमच्या विभागातून बाहेर पडलेला शेवटचा माल हाच, त्यामुळे मी त्याला पोटच्या पोरासारखा ओळखतो. पहिल्याच्या दुप्पट भार सोसतो आणि अडवणं जवळजवळ निम्मं. त्याचं पान सोबत पाठवतोय. त्यात दहा व्होल्टच्या रकान्यात आकडा आहे, साडेचारचा रकाना रिकामा आहे. तिकडे लक्ष देऊ नकोस. छापणारे कधीकधी आळस करतात.

पायांना सोल्डरिंगची तापलेली सळई तीन सेकंदांहून जास्त लावायची नाही, हे मात्र सगळ्यांना बजाव.

तोकुजी काका

ता. क. शिगेमी, मी मावशी. तुझे काका तीन दिवस चष्म्यावर भिंग धरून बसलेत. जेवायला हाक मारली तर म्हणतात, "काम चालू आहे." स्वयंपाकघरातला दिवा महिनाभर लुकलुकतोय, ते मात्र काम नाही. याखाली मी एक ओळ लिहिली होती, ती त्यांनी खोडली. पर्सिमॉन सोलायला घेतलीत, नोव्हेंबरात पाठवते.

*

मुरोरान, २० नोव्हेंबर २००४

तोकुजी काका,

बर्फ पडलं आणि ४१७ पण पोचले! सात गाड्यांना बसवले. त्यातल्या चार गाड्यांना मी स्वतः. आता गाड्या अशा सुटतात की पहिल्या वळणावर तिघं भिंतीत. निशिगुचींनी तर टाळ्याच वाजवल्या, आणि त्यांना मी कधी हसतानासुद्धा पाहिलेलं नाही.

तुमचं पत्र मी ट्रॅकशेजारी घड्याळाखाली चार पिनांनी लावलंय. सेल चार्ज होईपर्यंत सगळे ते वाचत उभे राहतात. "नळाची तोटी" आता आमच्याकडे पाठ झालीय. तुम्हाला इथे सगळे गुरू मानून सेन्सेई म्हणतात, चालेल ना?

एकच शंका. सुरुवातीला सगळं थंड असतं. पण दहाएक मिनिटं झाली, सेल थोडे उतरले, की ट्रान्झिस्टर असे तापतात की बोट ठेववत नाही. आमच्यात इमाइझुमी-सान आहेत, तोयो इमाइझुमी, अडुसष्ट वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत बंदराजवळ त्यांचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. त्यांनी बोट लावलं आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी पाण्याचा अंदाज बोटाने घेतलाय. हे पाणी माणसाचं नाही." सगळे हसले.

पण त्यांची गाडी जरा जपायची आहे. त्यांचे यजमान एइकिची-सान पोलाद कारखान्यात क्रेनवर होते. शेवटच्या हिवाळ्यात, आजारपणात, अंथरुणात बसून त्यांनी त्या गाडीच्या बॉनेटवर आपल्या बंदराचा पांढरा पूल रंगवला. तीन केसांच्या ब्रशने, तारा सुद्धा एकेक. आणि ट्रान्झिस्टरवर ट्रान्झिस्टर चढवल्यावर ते बरोबर त्या बॉनेटच्या आतल्या बाजूला टेकायला येतात. तुम्ही म्हणाल तर त्यांच्या गाडीतले काढून ठेवतो.

शिगेमी

*

निरासाकी, २८ नोव्हेंबर २००४

शिगेमी,

ट्रान्झिस्टर तापायचाच. कामाचा माणूस घामेजतो तसं आहे ते. आमच्या कारखान्यात त्यांना दीडशे अंशांवर ठेवून तपासत असत, तुमच्या बोटाला चटका बसला म्हणून काय झालं? इमाइझुमी-बाईंना सांग, न्हाणीघर वेगळं आणि विद्युतशास्त्र वेगळं.

काढू बिढू नकोस. एकीच्या गाडीत जुने आणि बाकीच्यांत नवे, असं केलंस तर त्यांना वाईट वाटेल.

पर्सिमॉन निघाली. पार्सल तुझ्या बायकोच्या नावाने आहे.

तोकुजी काका

*

मुरोरान, ३० जानेवारी २००५

तोकुजी काका,

थंडी फार आहे. नळ गोठू नये म्हणून रात्रभर बारीक धार सोडून ठेवतो.

शर्यत झाली. तोमाकोमाईवाले जिंकले. आम्ही आपले ठीक. तुम्ही सांगितलेला ट्रान्झिस्टर उत्तमच होता, त्याबद्दल शंका नको. पर्सिमॉन बायकोने मोजून ठेवलीत.

सध्या तांदळाच्या दुकानाच्या कामात आहे, म्हणून थोडक्यात लिहितोय. तब्येतीला जपा. मावशीला नमस्कार.

शिगेमी

*

मुरोरान, १० फेब्रुवारी २००५

माननीय नेझु सेन्सेई,

ओळख नसताना लिहिते आहे, रागावू नये. मी तोयो इमाइझुमी, शिगेमी-सानच्या क्लबातली सगळ्यांत हळू गाडी चालवणारी बाई. बर्फ खिडकीच्या काठापर्यंत आलंय आणि घरात बसून दुसरं काम नाही, म्हणून धीर केला.

तेवीस तारखेच्या शर्यतीत बाराव्या मिनिटाला आमची पहिली गाडी थांबली. मग दुसरी. सोळाव्या मिनिटापर्यंत सातही उभ्या होत्या आणि खोलीत जळका वास होता. माझ्या गाडीचं बॉनेट मऊ पडून आत बसलं. त्यावर माझ्या यजमानांनी एक चित्र काढलं होतं. असो.

शिगेमी-सान सगळ्यांसमोर, तोमाकोमाईच्या पाहुण्यांसमोरसुद्धा, जमिनीला कपाळ टेकून बसले. म्हणाले, "सेन्सेईंनी मला बजावून सांगितलं होतं की हा ४१७ घेऊ नकोस. मीच हावरटपणा केला." नंतर ते बीन्सच्या वड्यांचा डबा घेऊन सातही घरी जाऊन आले. माझ्या दारात बर्फात उभे होते, आत या म्हटलं तरी येईनात. अध्यक्षपद सोडलंय. ट्रॅक गुंडाळून भिंतीला उभा केलाय. चार जणांनी येणं बंद केलंय.

तुमचं न ऐकल्याची त्यांना फार शिक्षा झाली आहे. तुम्ही तरी त्यांच्यावर रागावू नका. आणि जमल्यास, कुठला ट्रान्झिस्टर घ्यायला हवा होता, ते मला लिहून कळवाल का?

माझ्या गाडीतून काढलेला एक सोबत पाठवते आहे. पूर्ण जळलाय, पण त्याच्या पाठीवरचा आकडा बघा, किती सुबक छापलाय. एवढं होऊन पुसला नाही.

तोयो इमाइझुमी

*

निरासाकी, १६ फेब्रुवारी २००५

माननीय इमाइझुमी-सान,

आपले पत्र वाचून अतिशय खेद झाला. तरुण माणसे उत्साहाच्या भरात वडीलधाऱ्यांचे ऐकत नाहीत, हे चालायचेच. शिगेमीवर माझा राग नाही. आपणही मोठ्या मनाने त्याला क्षमा करावी.

आपल्या गाड्यांत चार बारीक सेल असतात, म्हणजे जेमतेम पाच व्होल्ट, आणि सेल उतरतील तसे त्याहून कमी. एवढ्याशा दाबावर पूर्ण उघडेल असाच ट्रान्झिस्टर हवा. साडेचारच्या आणि अडीचच्या रकान्यात आकडा छापलेला असेल तोच निवडावा. शिगेमीने मला दाखवलेल्या तीन प्रकारांपैकी पहिला या कामासाठी योग्य होता. भार कमी सोसत असल्यास एकावर एक दोन चढवावेत, मात्र बॉनेटपासून अंतर राखावे.

चित्राबद्दल वाईट वाटले.

तोकुजी नेझु

*

मुरोरान, २४ फेब्रुवारी २००५

तोकुजी काका,

इमाइझुमी-सान तुमचं पत्र घेऊन आल्या होत्या. मी वाचलं आणि खुर्चीतच बसलो. तुम्हाला न विचारता तुमच्या नावाने खोटं बोललो होतो, ते तुमच्यापर्यंत असं पोचेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही मला उघडं पाडलं नाहीत. लगेच ओळखलंत आणि सांभाळून घेतलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

मला त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. पाहुणे बघत होते, कोणीतरी "सेन्सेईंनी सांगितलं होतं ना?" असं म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहिलात, माझ्या लग्नातला काळा कोट घालून. जन्मभर कमावलेलं नाव आमच्यासारख्या अकरा रिकामटेकड्यांपायी का जावं? माझं काय, मी तांदूळ विकतो. लोक चार दिवस बोलतील आणि पुन्हा तांदूळ घ्यायला येतील. सगळे गेल्यावर भिंतीवरचं तुमचं पत्र काढून मी खिशात घातलं.

बायको म्हणते मी मूर्ख आहे. आणि काका, गंमत सांगू? हे इतक्या वेळा सांगितलंय की आता कधीकधी मलाच वाटतं, तुम्ही खरंच बजावलं असेल, मीच विसरलो असेन.

शिगेमी

*

निरासाकी, २७ मार्च २००५

शिगेमी,

हे पत्र तुझ्या एकट्यासाठी नाही. क्लबातल्या सगळ्यांना बोलाव, येणं बंद केलेल्या चौघांनाही, आणि मोठ्याने वाचून दाखव. मध्येच थांबू नकोस. माझी बाजू घ्यायची नाही. तुझी ती खोड आहे.

४१७ मी सांगितला. घेऊ नकोस असं मी कधीच म्हटलं नाही. ट्रान्झिस्टर तापतात असं तू लिहिलंस, तेव्हाच मला शंका आली होती. मी ते पान पुन्हा काढून रिकाम्या रकान्याकडे बघत बसलो. आणि तरी तुला "काढू नकोस" असं लिहिलं, कारण काढ म्हटलं असतं तर मला ठाऊक नाही हे उघड झालं असतं. इमाइझुमी-सानच्या बोटाला कळलं ते मी मान्य केलं असतं तर तो पूल आज जागेवर असता. वर मी त्यांना न्हाणीघरावरून हिणवलं.

आता दुसरं. मी ट्रान्झिस्टर घडवलेले नाहीत. एकही नाही. एकतीस वर्षं मी छपाईच्या विभागात होतो. तयार झालेला ट्रान्झिस्टर आमच्याकडे यायचा, आम्ही त्याच्या पाठीवर आकडा छापायचो, भिंगातून बघायचो आणि पुढे ढकलायचो. आत काय आहे ते आम्हाला कोणी सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू. तुझ्या लग्नात मी "माझ्या हातून गेलेले" म्हटलं, ते शब्द मी आदल्या दिवशी जुळवून ठेवले होते, म्हणजे खोटंही ठरू नये आणि लोकांना भलतंच वाटावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझी मावशी तेवढी ताटात बघत होती. ऑक्टोबरच्या पत्रात तिने लिहिलेली आणि मी खोडलेली ओळ अशी होती: "यांना नको, होसाका-सानना विचार."

मग ४१७ च का? कारण तो आकडा मी छापला होता. बाकीचे तीन मला परके वाटले. एवढंच कारण होतं, दुसरं शोधू नका.

इमाइझुमी-सानचं पत्र आलं आणि त्यातून तो जळका तुकडा तळहातावर पडला. भिंगाची गरजच नव्हती. सातच्या टोकाला किंचित बाक आहे, तो आमच्या तिसऱ्या यंत्राचा. ते यंत्र माझं. मी तो तुकडा घेऊन होसाकांकडे गेलो. ते खरे अभियंते, रचना विभागातले, आता द्राक्षं लावतात. त्यांनी पान हातात घेतलं, पुरतं उघडलंही नाही, आणि म्हणाले, "चार सेलवर हा? रिकामा रकाना म्हणजे कंपनी सांगतेय, इथे आमची हमी नाही. तोटी अर्धीच उघडणार, सेल उतरले की आणखी मिटणार, आणि अर्धी मिटलेली तोटी तापणारच. कुठल्या गाढवाने निवडला हा?"

मी म्हणालो, "नात्यातला एक आहे."

शिगेमी, मी हे म्हणालो. होसाका हसले, मीही हसलो. त्यांच्या बायकोने चहा दिला तो प्यायलो. मग घरी येऊन त्यांचीच वाक्यं माझी म्हणून इमाइझुमी-सानना लिहिली आणि वर तुला क्षमा करायला सांगितली. क्षमा! ज्याने माझ्यासाठी जमिनीला कपाळ टेकलं त्याला!

ते पत्र पेटीत टाकलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. चांगले आठ दिवस तसंच वाटत राहिलं. मग तुझं आभाराचं पत्र आलं. तू लिहिलंस, "सांभाळून घेतलंत." ते मावशीने मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि चष्मा काढून एवढंच म्हणाली, "आता काय करणार आहात?" मी बागेत गेलो. त्याला महिना झाला. रोज ती ताट वाढते आणि काही बोलत नाही. भांडली असती तर बरं होतं.

मला लाज वाटते. चौसष्ट वर्षांच्या माणसाला एवढी लाज वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. सकाळी दाढी करताना आरशात बघवत नाही. छपाईचं काम करत होतो याची लाज नाही, ते काम मी चोख केलं. पण ते पुरेसं आहे असं मला कधी वाटलं नाही, म्हणून दुसऱ्याचं काम अंगावर पांघरून फिरलो आणि त्याचा चटका तुम्हाला बसला.

इमाइझुमी-सान, तुमची क्षमा मागायला माझ्याकडे तोंड नाही. मागतो आहे तरीही.

तोकुजी नेझु

*

मुरोरान, ४ एप्रिल २००५

नेझु-सान,

यापुढे सेन्सेई म्हणणार नाही. तुम्हालाही ते नको असेल.

काल पत्र वाचलं गेलं. नऊ जण आले होते. शिगेमी-सान दुसऱ्या पानावर अडखळले, पुढचं मी वाचलं. माझा आवाज न्हाणीघरात कमावलेला आहे, मागच्या रांगेपर्यंत गेला. वाचून झाल्यावर निशिगुची म्हणाले, "चला, एकदाचं आलं."

तुम्हाला एक सांगायला हवं. तुमचं पहिलं पत्र तीन महिने घड्याळाखाली होतं. सेल चार्ज व्हायला पाऊण तास लागतो, तेवढ्या वेळात माणूस दुसरं काय वाचणार? "तू ४१७ घे," ही ओळ आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होती. शिगेमी-सान कपाळ टेकून "सेन्सेईंनी बजावलं होतं" म्हणाले, तेव्हा ते पत्र त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर होतं. आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत होतो. कोणी बोललं नाही. एवढा चांगला माणूस एवढं वाईट खोटं बोलत असताना त्याला कसं अडवायचं?

मग मी तुम्हाला लिहिलं. काहीच माहीत नसल्यासारखं लिहिलं, म्हणजे तुम्हाला आपणहून बोलायला सोपं जाईल. दार लोटून ठेवलं, कडी लावली नाही. आणि तुमच्याकडून आलं ते "तरुण माणसे उत्साहाच्या भरात." नेझु-सान, पूल खचला तेव्हा मी रडले नव्हते. ते पत्र वाचून रडले. मग ते मुद्दाम शिगेमी-सानना नेऊन दाखवलं, की यासाठी तुम्ही बर्फात उभे राहिलात बघा. तर ते वेडे तुमचे आभारच मानायला लागले. त्या क्षणी मला तुमचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

राग गेलाय असं म्हणत नाही. पण तुम्ही सगळं लिहिलंत, छपाईचंसुद्धा. ते कोणी विचारलं नव्हतं.

पूल दुरुस्त करू असं कृपा करून म्हणू नका. त्याला कोणी हात लावायचा नाही, तो खचलेलाच राहील. मी ते बॉनेट यजमानांच्या फोटोपुढे ठेवलंय आणि त्यांना सांगितलंय कसं झालं ते. पण गाडीला नवी बॉडी घेतलीय, साधी पांढरी, आणि दारावर आठ आकडा घालायचा आहे. यजमानांच्या क्रेनचा नंबर आठ होता. माझा हात आता स्थिर नाही. तुम्ही एकतीस वर्षं तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत आकडे घातलेत म्हणता. मग या आणि घाला. सगळ्यांसमोर बसून घालायचा. बर्फ वितळतंय, रस्ते मोकळे आहेत. आम्ही ट्रॅक पुन्हा मांडतोय.

तोयो इमाइझुमी

*

निरासाकी, ९ एप्रिल २००५

शिगेमी,

सतरा तारखेला दुपारी पोचतो. तुझी मावशी बरोबर आहे. इमाइझुमी-सानचं पत्र वाचून ती दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी धड बोलली. म्हणाली, "काळा कोट घालायचा नाही."

स्टेशनवर येऊ नकोस. माझी पिशवी कोणी उचलायची नाही. होसाकांकडे काल जाऊन आलो, तो गाढव कोण ते सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. पहिल्या प्रकारचे चौदा ट्रान्झिस्टर त्यांनी स्वतः निवडून दिलेत, ते घेऊन येतोय.

तुझ्याकडे एक मागणं आहे. माझं पहिलं पत्र तू खिशात घातलं होतंस. फेकलं नसशील, तुला ओळखतो. मी यायच्या आधी ते घड्याळाखाली पुन्हा लाव, त्याच चार भोकांत. मी जिना चढून आत येईन तेव्हा ते भिंतीवर असलं पाहिजे. त्याच्याखाली बसूनच आकडा घालीन.

काका